मालक नसलेला रुग्ण : बडोद्यातल्या पशुउपचारांची पार्श्वभूमी

दरवर्षी 14 जानेवारीच्या, म्हणजे उत्तरायणाच्या, दुपारी बडोद्यात घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो : "याला न्यायचं कुठे?" बुटांच्या खोक्यात पतंगाच्या मांजाने कापलेला पारवा असतो, नाहीतर पंख लोंबलेली घार. सरकारी दवाखान्यासमोर रांग, खासगी क्लिनिकचा फोन लागत नाही, आणि लागलाच तर "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो" असं उत्तर. सणाच्या दोन दिवसांत डॉक्टर कमी पडतात हे खरंच. पण कारण तेवढंच नाही. या शहरातली जनावरांच्या उपचारांची व्यवस्था कुणी एकाने बसून आखलेली नाही. ती तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली आणि प्रत्येक तुकडा कुणाच्या तरी मालकीच्या जनावरासाठी होता. ज्याला मालकच नाही, असा रुग्ण या हिशेबात फार उशिरा आला.

गायकवाडी बडोद्यात जनावरांकडे बघणारी जाणती माणसं होती. मात्र ती पागेत आणि हत्तीखान्यात. घोड्यांना सालोत्री, म्हणजे घोड्यांचे वैद्य, हत्तींना माहुतांकडची पिढीजात औषधं. खंडेराव आणि मल्हारराव महाराजांच्या काळात बडोद्याच्या अग्गडात, म्हणजे खास बांधलेल्या रिंगणात, हत्तींच्या झुंजी लागायच्या, चिडवलेल्या हत्तीपुढे माणसं उतरवणारी साठमारी चालायची. नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स बडोद्याला आला तेव्हा त्यालाही हे खेळ दाखवले गेले. त्याच वर्षी गादीवर आलेले सयाजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते. झुंजीत फाटलेल्या हत्तीला मलमपट्टी मिळे, कारण हत्ती म्हणजे दौलत. गल्लीतलं कुत्रं किंवा वळचणीचं कबूतर दौलतीत मोडत नव्हतं. हत्तीखाना हे नाव आता शहरातल्या बाजारपेठेला तेवढं उरलं आहे.

मग मुक्या जिवांकडे कुणीच बघत नव्हतं का? बघत होतं, पण वेगळ्या वाटेने. बडोद्यापासून जवळच्या खंभातमध्ये 1623 साली पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटालियन प्रवासी आला होता. पक्ष्यांसाठी चालवलेलं एक घर त्याने पाहिलं आणि चकित होऊन त्याचं वर्णन लिहून ठेवलं. आजारी, लंगडे, जोडीदार गमावलेले पक्षी तिथे ठेवलेले होते. रानातले पक्षी बरे झाले की सोडून देत, पाळीव असतील तर कुणा धर्मशील माणसाच्या घरी देत. सगळ्यांत जास्त लक्षात राहणारा प्रसंग उंदराच्या पोरक्या पिल्लांचा आहे. कापसात ठेवलेल्या त्या पिल्लांना पांढऱ्या दाढीचा, चष्मा लावलेला एक म्हातारा पक्ष्याच्या पिसाने दूध पाजत होता. चारशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचताना आजच्या एखाद्या सेवाभावी केंद्रातला स्वयंसेवक डोळ्यांपुढे येतो, फक्त पिसाच्या जागी सिरिंज.

गुजरातेतल्या पांजरापोळींमागची भावना हीच. पण पांजरापोळ ही मुळात आसऱ्याची जागा. भाकड गाय, म्हातारा बैल, पाय मोडलेलं वासरू यांना मरेपर्यंत चारा-पाणी मिळावं एवढा तिचा उद्देश. मुंबईत 1832 मध्ये कंपनी सरकारने भटकी कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा दंगल झाली आणि त्यानंतर दोन वर्षांनी तिथली पांजरापोळ उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा हे त्यातले पुढाकारी. इथेही कुत्र्यांना वाचवणं हा हेतू होता, बरं करणं नव्हे. आजही एखादी मंडळी जखमी जनावर घेऊन थेट पांजरापोळीच्या दारात उभी राहतात आणि "इथे ऑपरेशन होत नाही" हे ऐकून चिडतात. चिडणं समजण्यासारखं आहे, पण ती संस्था त्यासाठी निघालीच नव्हती.

उपचारांचं शास्त्र आलं ते लष्कराच्या वाटेने. 1862 मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली, 1882 मध्ये लाहोरचं कॉलेज, आणि 1886 मध्ये मुंबईचं. मुंबईच्या कॉलेजला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या परळच्या जनावरांच्या रुग्णालयाची जोड होती. शिक्षणाचा रोख घोडा आणि बैल यांच्यावर. फौजेला घोडे हवे होते आणि शेतसाऱ्याला बैल. बुळकांडीसारख्या गुरांच्या साथीत अख्खे कळप आडवे व्हायचे, त्यामुळे 1889 मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा सुरू झाली, तीच पुढे मुक्तेश्वरला गेली. बुळकांडी भारतातून पुरती गेली म्हणून जाहीर व्हायला 2006 उजाडलं. इतकी वर्षं देशातल्या पशुवैद्यकाचा बहुतेक सगळा जोर गोठ्यावर होता, आणि त्याला दोष देता येत नाही. बैल मेला तर कुटुंब बसत असे.

बडोद्याच्या बाबतीत हा गोठा आणखी जवळ आला. शेजारच्या आणंदला 1946 मध्ये खेडा जिल्ह्याचा दूध संघ झाला, त्याचाच पुढे अमूल झाला. म्हशीला प्रसूतीत अडचण आली की निरोप धाडायचा आणि संघाचा डॉक्टर गाडीतून गावात यायचा, ही सोय संघाने लावली. पशुवैद्यक तातडीने घरी येतो ही कल्पना गुजरातेत रुजली ती अशी दुधातून. 1964 मध्ये आणंदलाच पशुवैद्यक महाविद्यालय निघालं. बडोद्यात आज प्रॅक्टिस करणारे कितीतरी डॉक्टर तिथलेच. ते म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालायला शिकले. कोंबडीचे रोगही शिकले. पण घुबडाच्या पंखाचा अस्थिभंग जोडायला शिकवणारा तास त्या अभ्यासात क्वचितच होता.

कुत्र्या-मांजरांचे दवाखाने त्यामानाने अलीकडचे. रावपुरा, दांडिया बाजार, घडियाळी पोळ इथल्या जुन्या मराठी घरांत कुत्रं ओट्यावर राहायचं आणि उरलेली पोळी खायचं. आजारी पडलं तर हळद आणि दैव. अलकापुरीकडे बंगले वाढले, पुढे फ्लॅट झाले, तसं कुत्रं सोफ्यावर आलं आणि त्याच्यासाठी क्लिनिकं निघाली. ही क्लिनिकं फीवर चालतात, बहुतेक एका डॉक्टरची असतात आणि रात्री बंद होतात. पोट फुगून तडफडणाऱ्या कुत्र्याला रात्री अकरानंतर कुठे न्यायचं हा प्रश्न त्यामुळे बारमाही आहे. तो शहरभर एकाच वेळी सगळ्यांना पडत नाही, इतकंच.

कायद्यांनीही हीच वाटणी पक्की केली. 1960 चा प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा, 1984 चा पशुवैद्यक परिषदेचा कायदा. पहिल्याने प्राण्याला छळणं गुन्हा ठरवलं. दुसऱ्याने रानटी पक्षी-प्राणी वनखात्याच्या ताब्यात दिले. जखमी घुबड किंवा पोपट प्रेमाने का होईना घरी ठेवून घेणं बेकायदा झालं. तिसऱ्याने उपचार कुणी करायचे ते ठरवलं : नोंदणी असलेला पशुवैद्यक. तिन्ही गोष्टी योग्यच. पण गच्चीवर पडलेल्या शराटी या रानपक्ष्याच्या बाबतीत त्याचा अर्थ असा की ती वनखात्याची, उपचार करू शकणारा डॉक्टर पशुपालन खात्याचा किंवा खासगी, आणि खोकं हातात धरलेला माणूस कुठल्याच खात्याचा नाही.

आता उत्तरायण. मराठी घरात तिळगूळ आणि हलव्याचे दागिने असले तरी बडोद्यात सणाचं नाव उत्तरायणच, आणि दुसरा दिवस वासी उत्तरायण. गेंडीगेटच्या बाजारात आधीपासून मांजा पाजणाऱ्यांच्या रांगा लागतात. लुगदीत काचेची पूड, रंग, आणि दोन खांबांमध्ये ताणलेला दोरा. पक्ष्यांच्या दृष्टीने हा मुहूर्त फारच वाईट. शहरात चबुतऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकले जातात, त्यामुळे कबुतरं बेसुमार. शिवाय हिवाळ्यात बाहेरचे पक्षी आलेले. डभोईजवळचा वढवाणा तलाव सयाजीरावांनी सिंचनासाठी बांधून घेतला, 1910 च्या सुमारास. 2021 मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. शेतीसाठी साठवलेल्या या पाण्यावर हजारो पाणपक्षी उतरतात आणि सकाळ-संध्याकाळ त्यांची ये-जा असते. सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका, हे सरकारी आवाहन याच ये-जेमुळे. ते किती पाळलं जातं हे कुठल्याही गच्चीवर पाचनंतर उभं राहून बघावं.

नायलॉनचा, लोकांच्या तोंडी 'चायनीज' मांजा आला तशी जखमांची जातच बदलली. सुती दोरा ताण आला की तुटतो. नायलॉन तुटत नाही, पक्षी जितका फडफडतो तितका तो आत जातो. जुलै 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने देशभर त्यावर बंदी घातली. बंदी आहे, मांजाही मिळतो. आणि काच लावलेला सुती दोराही काही निरुपद्रवी नाही, हे सांगितलेलं अनेकांना आवडत नाही.

सुरुवातीला हा भार उचलला तो प्राणिमित्र मंडळींनी. कुणाच्या तरी तळमजल्यावर दोन टेबलं, ओळखीचा एखादा डॉक्टर, आणि फोनवर फोन. 2017 च्या जानेवारीत गुजरात सरकारने 'करुणा अभियान' सुरू केलं आणि तेव्हापासून 10 ते 20 जानेवारी या दिवसांत वनखातं, पशुपालन खातं, महापालिका, स्वयंसेवी संस्था आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थी एका छताखाली येऊ लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 1962 या क्रमांकाची करुणा अ‍ॅम्ब्युलन्स निघाली. माणसांसाठी 108 ची सेवा गुजरातेत 2007 पासून चालवणाऱ्या संस्थेकडेच ती सोपवली गेली. शहरातल्या बेवारशी जनावरांसाठी ही गाडी फुकट येते. घरच्या कुत्र्यासाठी तिचा उपयोग नाही, आणि यावरून फोनवर भांडणं होतात. पण मालक नसलेल्या रुग्णासाठी सरकारने पहिल्यांदाच गाडी काढली, हे त्या भांडणात विसरलं जातं.

अभियानाच्या उपचार केंद्रावर काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं असतं. दारातच खोक्यावर चिठ्ठी चिकटते : कुठे सापडला, किती वाजता, जखम कुठे. मग निवड. धापा टाकणारा आणि रक्त वाहणारा पुढे. नुसता घाबरलेला, अंधाऱ्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला, मागे. रांगेचा क्रम इथे चालत नाही, आणि आपलं खोकं आधी आणूनही मागे राहिलं की माणसं नाराज होतात. टेबलावर जखमेभोवतीची पिसं उपटतात, चिमट्याने दोऱ्याचा एकेक वेढा सोडवतात. पंखाच्या पुढच्या कडेचा पातळ पडदा फाटला असेल तर टाके, आतला स्नायुबंध तुटला असेल तर डॉक्टर मान हलवतात. दंडाचं हाड पोकळ असतं आणि श्वासाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, म्हणून उघड्या हाडावर पाणी ओतून धुणं जिवावर बेतू शकतं.

"काकू, पाणी पाजलंत का?" असं इथे जवळजवळ प्रत्येकीला विचारतात.

"दोनच थेंब रे, चोच उघडून."

"नका घालत जाऊ. श्वासनळीत जातं. खोक्याला भोकं पाडायची, खाली फडकं, वर झाकण, आणि सरळ इकडे. दोरा ओढून काढायचा नाही, दोन्हीकडून कात्रीने कापायचा."

ही शिस्त अनुभवाने आली आहे. जानेवारी 2021 मध्ये कोरोना होताच, वर गुजरातेत बर्ड फ्लूही आढळला. तेव्हा हातमोजे आणि मास्क यांची सक्ती झाली आणि बरीचशी टिकली.

उत्तरायणाची तारीख निदान ठाऊक असते. बाकीची संकटं सांगून येत नाहीत. 2022 च्या पावसाळ्यात लम्पी आला. गायींच्या अंगावर गाठी, ताप. कच्छ-सौराष्ट्रात सगळ्यांत जास्त हाल. त्या काळात पशुपालन खात्याची माणसं लसीकरणाला जुंपली गेली. ऑगस्ट 2024 मध्ये शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीने 25 फुटांची धोक्याची पातळी कधीच ओलांडून 35 च्या वर मजल मारली. दवाखान्यांत पाणी, रस्त्यांत पाणी, आणि नदीतल्या मगरी सोसायट्यांच्या अंगणात. वनखातं आणि प्राणिमित्र मगरी उचलण्यात गुंतले, आणि त्याच वेळी गच्चीवर अडकलेली कुत्री, गळ्यापर्यंत बुडालेली गुरं यांच्यासाठीही फोन त्यांनाच. माणसं तीच, दोर तेच, गाड्या त्याच. जानेवारीत दिसणारी ती एका छताखालची जुळणी पुरासाठी आधीपासून बांधलेली नसते. प्रत्येक वेळी ती नव्याने, फोनाफोनीतून उभी करावी लागते. माझ्या मते बडोद्याची खरी उणीव ही आहे; डॉक्टरांची संख्या त्यानंतर.

20 जानेवारीला अभियान संपतं, टेबलं उचलली जातात. झाडांवर आणि तारांवर अडकलेला मांजा मात्र तसाच राहतो, आणि त्यात पक्षी पुढचे कितीतरी आठवडे अडकत राहतात. तेव्हा बेवारशी जनावरासाठी 1962, रानपक्षी किंवा मगर असेल तर वनखातं, आणि घरच्या कुत्र्यासाठी आपला नेहमीचा डॉक्टर, तो नसेल तर त्यानेच आधी सांगून ठेवलेला दुसरा. गंभीर शस्त्रक्रिया असेल आणि शहरात जागा नसेल तर आणंदच्या महाविद्यालयाचं रुग्णालय जेमतेम चाळीस किलोमीटरवर आहे. निघण्यापूर्वी फोन करून, जनावर श्वास कसा घेतंय आणि रक्त थांबलंय का, एवढं सांगायचं.