भरलेला हॉल, गिटारचे इफेक्ट आणि टॅबलेट

रिकाम्या हॉलमध्ये साउंडचेक होतो. गिटारचा रिव्हर्ब (आवाजाचं घुमणं) हवा तेवढा ठेवला जातो, डिले (ठरावीक वेळाने उमटणारा प्रतिध्वनी) गाण्याच्या लयीत चपखल बसतो, सगळे खूश. तासाभराने खुर्च्या भरतात, पहिलं गाणं सुरू होतं आणि तोच आवाज आता कोरडा आणि दबलेला वाटू लागतो. मधल्या वेळात हे इफेक्ट देणाऱ्या पेडलला कुणी हातही लावलेला नसतो.

यामागचं गणित वॉलेस सॅबिन या भौतिकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात शोधून काढलं. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात आवाज साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राहायचा, त्यामुळे वक्त्याचं बोलणं कळायचंच नाही. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या रात्री उचलून आणल्या, खोलीत मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात: हॉलचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा आणि हॉलमधल्या एकूण ध्वनिशोषणाने भागा, की आवाज विरायला लागणारे सेकंद मिळतात.

समजा, ३००० घनमीटरचा हॉल आहे, खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत आणि रिकामा असताना एकूण शोषण २५० चौरस मीटर, म्हणजे तेवढ्या उघड्या खिडकीइतकं आहे. आवाज विरायला जवळपास १.९ सेकंद लागतात. बसलेला एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या उघड्या खिडकीइतका आवाज गिळतो. ४०० माणसं येऊन बसली की शोषण २०० ने वाढतं आणि वेळ १.१ सेकंदावर येतो. रिकाम्या हॉलने फुकटात दिलेला रिव्हर्ब असा जवळपास निम्म्यावर येतो. त्यातही कपडे आणि शरीरं उंच स्वर जास्त शोषतात, म्हणून आवाजाची चमकही जाते.

दुसरी अडचण घरूनच सोबत येते. कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज नीट ऐकू येत नाही. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे मोजून दाखवलं होतं. घरी हळू आवाजात प्रीसेट (इफेक्टची साठवून ठेवलेली मांडणी) बनवताना वादक नकळत खर्ज वाढवून ठेवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की तोच खर्ज बदाबदा अंगावर येतो आणि बास गिटारच्या पायात पाय घालतो.

थोडक्यात, कार्यक्रम चालू असताना काही ना काही फिरवावंच लागतं. पेडलबोर्ड असतो जमिनीवर, नॉब असतात बोटाच्या पेराएवढे आणि स्टेजवर असतो अंधार. गाण्यांच्या मधल्या काही सेकंदांत खाली वाकून नेमका नॉब नेमका तेवढाच फिरवणं हे कसबच आहे. २०१० मध्ये आयपॅड आला आणि मोठा, स्वयंप्रकाशी, हवा तसा मांडता येणारा पडदा वादकांच्या हाती लागला. मग त्याने या कामात शिरणं ओघाने आलंच.

तो दोन तऱ्हांनी शिरला. एका तऱ्हेत गिटारचा आवाजच टॅबलेटमध्ये जातो, तिथल्या अॅपमध्ये डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं), रिव्हर्ब असे इफेक्ट लागतात आणि तयार आवाज बाहेर पडतो. दुसऱ्या तऱ्हेत आवाज जमिनीवरच्या इफेक्ट युनिटमध्येच राहतो आणि टॅबलेट त्याला फक्त हुकूम सोडतो. स्टेजसाठी मला दुसरी तऱ्हाच पटते. का, ते आकडे बघितले की कळेल.

आवाज टॅबलेटमधून न्यायचा तर आधी त्याचे नमुने घ्यावे लागतात, सेकंदाला सहसा ४८,०००. प्रोसेसर एकेक नमुना हाताळत बसत नाही. बादली भरली की एकदम ओतावी तसे तो नमुने बफरमध्ये साठवतो आणि मग एका दमात त्यांच्यावर काम करतो. १२८ नमुन्यांचा बफर भरायला २.७ मिलिसेकंद लागतात. आत येताना एक, बाहेर जाताना एक आणि वर आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपचे एक-दोन मिलिसेकंद, असे मिळून सहा-सात. बफर ५१२ चा केला तर वीसच्या पुढे. ही लेटन्सी, म्हणजे उशीर, नवीन नाही, हेही सांगायला हवं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या अँप्लिफायरचा आवाज कानापर्यंत यायलाच जवळपास नऊ मिलिसेकंद घेतो आणि कुठलाही गिटारवादक त्याबद्दल तक्रार करत नाही. पण दोन्हींची बेरीज होते. वीसच्या पुढे गेलं की बोटं चिखलात चालल्यासारखं वाटू लागतं.

मग बफर लहान ठेवला की झालं? इथेच गोम आहे. बफर जितका लहान, तितकी प्रोसेसरला काम संपवायची मुदत कमी. १२८ नमुन्यांच्या बफरला सेकंदाला ३७५ वेळा वेळेत हजेरी लावावी लागते आणि एक जरी चुकली तरी स्पीकरमधून खटका ऐकू येतो. डिस्टॉर्शन तर प्रोसेसरला फारच राबवतं. ते मूळ स्वराच्या पटीत नवे स्वर तयार करतं: ५ हजार हर्ट्झच्या घटकातून १५, २५, ३५ हजारांचे. ४८ हजारांच्या नमुन्यांत २४ हजारांवरचं काही मावत नाही, त्यामुळे ३५ हजारांचा घटक आरशात उलटावा तसा १३ हजारांवर येऊन बसतो आणि सुरात नसलेली किरकिर ऐकू येते. ती टाळायला तेवढ्यापुरते नमुने चौपट-आठपट करून काम करावं लागतं. टॅबलेट हे करू शकतो, त्यात शंका नाही. पण त्याला पंखा नसतो आणि आयपॅडसाठी अॅपलने सांगितलेली तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. दिव्यांच्या झोतात किंवा उघड्यावरच्या दुपारच्या कार्यक्रमात ती ओलांडायला वेळ लागत नाही. तापला की टॅबलेट पडदा मंद करतो, प्रोसेसर हळू करतो आणि हजेरी चुकू लागते.

हुकूम पाठवणं याच्या मानाने क्षुल्लक काम आहे. त्यासाठी १९८३ पासून चालत आलेली मिडी ही भाषा अजून पुरते. रिव्हर्ब थोडा वाढवायचा असेल तर तीन आकडे जातात, उदाहरणार्थ १७६, ९१, ६०. पहिला म्हणतो ‘चॅनल एकवरचं नियंत्रण बदल’, दुसरा सांगतो कोणतं (९१ हा आकडा बहुधा रिव्हर्बसाठी वापरला जातो) आणि तिसरा सांगतो किती. जुन्या मिडी केबलमधून एवढं जायला एक मिलिसेकंदही लागत नाही. गिटारच्या आवाजाला सेकंदाला साडेअकरा लाखांवर बिट लागतात, या हुकमाला लागतात तीस.

मात्र तिसरा आकडा ० ते १२७ एवढाच असतो, ही जुनी काटकसर जपून हाताळावी लागते. फिल्टर २० ते २०,००० हर्ट्झ फिरवायचा आणि पायऱ्या समान अंतराच्या ठेवल्या, तर पहिल्याच पायरीला तो २० वरून १७७ वर उडी मारतो, म्हणजे तीन सप्तकांहून जास्त. पायऱ्या समान गुणोत्तराच्या ठेवल्या, तर प्रत्येक पायरी अर्ध्या स्वराहून किंचित लहान पडते आणि कानाला चाल सारखी वाटते. तरीही पायऱ्या त्या पायऱ्याच. बोट सरकवताना चेन ओढल्यासारखा चर्र आवाज येऊ नये म्हणून चांगलं युनिट दोन आकड्यांच्या मधली वाट स्वतः भरून काढतं.

डिलेच्या वेळेचा स्लायडर चालू वाजवण्यात ओढू नये, हेही जाता जाता. बऱ्याच डिलेंमध्ये वेळ सरकली की साठवलेला आवाज भराभर किंवा सावकाश वाचला जातो आणि सूर वर-खाली घसरतो. मुद्दाम हवं असेल तर धमाल, एरवी फजिती. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा असतो आणि त्याचा पाऊण म्हणजे ३७५. हे आधीच प्रीसेटमध्ये लिहून ठेवलेलं बरं.

आता बिनतारी जोडणी. आवाज ब्लूटूथवर पाठवण्याचा विचारही करू नये. नेहमीच्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये शे-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर होतो. १२० च्या लयीत एवढ्यात एक पाव ठोका निघून जातो. हुकमांचं तसं नाही. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये दोन उपकरणं सहसा कमीत कमी ७.५ मिलिसेकंदांच्या अंतराने बोलतात आणि रिव्हर्ब वाढवायला तेवढा वेग भरपूर झाला.

अडचण वेगाची नाहीच, ती पुन्हा गर्दीची आहे. ब्लूटूथ आणि बरंचसं वायफाय २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तिथे वायफायसाठी एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. साडेबारा सेंटिमीटरची ही लहर पाण्यात शोषली जाते आणि माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. साउंडचेकच्या वेळी मागच्या रांगेपर्यंत पोचणारी जोडणी चारशे माणसं आणि त्यांचे चारशे फोन येऊन बसल्यावर अडखळू लागते. ज्या गर्दीमुळे आवाज सुधारायची वेळ आली, तीच गर्दी सुधारणेची वाट अडवते. वादकाचा टॅबलेट माइकच्या स्टँडवरच असेल, तर सरळ यूएसबी केबल लावावी.

राहतो प्रश्न बोटांचा. वाजवताना दोन्ही हात गुंतलेले असतात, पडद्यावर नॉबसारखं चाचपून कळणारं काही नसतं आणि घामाचा थेंब स्पर्शपटलाला बोटासारखाच भासू शकतो, कारण दोन्ही वीज वाहून नेतात. बुटाचा रबरी तळ वाहक नाही, त्यामुळे पायाने पडदा दाबायची सोयही नाही. म्हणून सोलोला डिस्टॉर्शन चालू करणं पायाच्या स्विचकडेच असावं आणि टॅबलेटकडे गाण्यांमधली कामं: पुढच्या गाण्याचा प्रीसेट, खर्ज दोन डेसिबल खाली, रिव्हर्ब थोडा वर. पडद्यावर अशी चार-पाचच मोठी बटणं ठेवावीत. पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवल्याप्रमाणे लक्ष्य लहान आणि लांब असलं की हात तिथे पोचायला जास्त वेळ लागतो.

एक फायदा मात्र पेडलबोर्ड कधीच देऊ शकणार नाही. स्टेजवर उभ्या वादकाला प्रेक्षकांत काय ऐकू जातंय ते कळत नाही. बिनतारी टॅबलेट साउंड इंजिनिअरच्या हाती दिला तर तो शेवटच्या रांगेत उभा राहून गिटारचा रिव्हर्ब ठरवू शकतो. डिजिटल मिक्सर असेच चालवले जातात. जोडणी तुटलीच, तर इफेक्ट युनिटपाशी शेवटचा आलेला आकडा असतोच. ते त्याच आकड्यावर वाजत राहतं आणि पायाचे स्विच आपलं काम करत राहतात. आवाजच टॅबलेटमधून जात असता, तर त्याच क्षणी गिटार बंद पडली असती.