लॅटिनो रुग्णांची मानसिक आरोग्यसेवा, प्राथमिक दवाखान्यांतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेक्सिको, प्वेर्तो रिको, क्यूबा तसेच मध्य व दक्षिण अमेरिकेशी मूळ नाते असलेल्यांना लॅटिनो म्हणतात. २०२० च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे ६.२१ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ १९ टक्के भरली. नैराश्य किंवा चिंता असली तरी त्यांतले बरेच जण मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढत नाहीत. ते नेहमीच्या डॉक्टरकडे येतात आणि सांगतात ते डोकेदुखी, धडधड, झोप उडाल्याचे. काही जण सरळ ‘नेर्बियोस’ (स्पॅनिशमध्ये ‘नसांचा त्रास’) आहे म्हणतात. घरातल्या मृत्यूची बातमी कळताच ओरडणे, रडू न आवरणे, अंग थरथरणे, छातीतून डोक्याकडे उष्णता चढणे याला ‘आताके दे नेर्बियोस’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत त्याची नोंद आहे.

नैराश्य हेरण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही प्रश्नावली सर्रास वापरतात, स्पॅनिशमध्येही. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा अधिक झाली की पुढची तपासणी. नववा प्रश्न मरणाच्या वा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. शाळकरी मुलगा दुभाषा म्हणून शेजारी बसला असेल, तर आई याचे खरे उत्तर कशी देणार? आणीबाणी वगळता अल्पवयीन मुलांकडून दुभाष्याचे काम करून घेण्यास २०१६ च्या संघराज्य नियमाने मनाई केली.

नुसत्या प्रश्नावलीने कोणी बरे होत नाही. खरा फरक पाठपुराव्याने पडतो, आणि ‘सहयोगी सेवा’ पद्धतीचा सगळा भर त्यावरच आहे. दवाखान्यातलाच एक सेवा-समन्वयक रुग्णाला फोन करतो, औषध सुरू आहे का विचारतो, समुपदेशन करतो. मानसोपचारतज्ज्ञ बहुतेक रुग्णांना न भेटता यादी तपासून डॉक्टरला सल्ला देतो. साठी ओलांडलेल्या, नैराश्य असलेल्या १,८०१ रुग्णांवरील ‘इम्पॅक्ट’ चाचणीत (२००२) वर्षभरानंतर या पद्धतीच्या ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने तरी घटली. नेहमीच्या उपचारात हे प्रमाण १९ टक्के होते. चाचणीत लॅटिनो वृद्धही होते. गोव्यात ‘संगत’ संस्थेच्या ‘मानस’ चाचणीत (२०१०) प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी असेच काम केले. सरकारी आरोग्यकेंद्रांत ते फळले, खाजगी दवाखान्यांत तितके नाही.

गोळ्यांची सवय लागेल ही धास्ती अनेक लॅटिनो रुग्णांना असते, त्यामुळे औषधापेक्षा बोलण्याच्या उपचाराकडे त्यांचा ओढा अधिक. तो उपचार स्पॅनिशमध्ये देणारी माणसे मात्र अपुरी. ही उणीव काही ठिकाणी ‘प्रोमोतोरा’ भरून काढतात. प्रोमोतोरा म्हणजे वस्तीतल्याच आरोग्यसेविका. घरी जाऊन बसतात, नवऱ्याशी नि सासूशीही बोलतात.

पैशाचा प्रश्न वेगळाच. मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना २०१७ पासून सहयोगी सेवेचे पैसे देते, पण ती योजना मुख्यतः ६५ वर्षांवरील नागरिकांची. कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना २०१० च्या कायद्याने उभारलेल्या विमा-बाजारातून विमा घेता येत नाही. त्यांच्यासाठी उत्पन्नानुसार फी आकारणारी सामुदायिक आरोग्यकेंद्रे हाच मुख्य आधार आहे.