पालापाची सावली कुठून आली? तेनाकातिताच्या किनाऱ्याची पार्श्वभूमी

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हिवाळ्यात शिडाच्या बोटींवर राहणाऱ्यांचा दिवस व्हीएचएफ रेडिओने, म्हणजे जवळपासच्या बोटींशी बोलायच्या बिनतारी यंत्राने सुरू होतो. सकाळी ठरलेल्या वेळी, बहुतेक बंदरांत चॅनल २२ वर, सगळे जमतात. पहिला प्रश्न असतो, कुणी आजारी आहे का, कुणाला तातडीची मदत हवी आहे का? मग हवामान, भरती-ओहोटीच्या वेळा, काल कोण आलं, आज कोण निघालं. शेवटी बोटीच्या तळाशी पडून राहिलेल्या सामानाची पाळी येते. कुणी म्हणतं, "एक पंप आहे, चालू स्थितीत, वीस नारळांना." खरे नारळ कुणाकडेच नसतात. परदेशी बोट मेक्सिकोत तात्पुरत्या आयात परवान्यावर राहते, त्यामुळे तिच्यावरच्या वस्तू तिथे विकता येत नाहीत, आणि रेडिओवर व्यापारालाही मनाई आहे. म्हणून सगळी देवाणघेवाण 'नारळां'त बोलायची रीत पडली.

ज्यांनी ही रीत पाडली त्यांना इतिहास ठाऊक असेल-नसेल, पण नारळच निवडला हे मला फार समर्पक वाटतं. तेनाकातितासारख्या या किनाऱ्यावर बोटीवरची माणसं उतरून, पालापात म्हणजे झावळ्यांच्या मांडवात बसून जे काही करतात, त्यामागची गोष्ट नारळाशिवाय सांगता येत नाही. आणि नारळ इथला नव्हेच.

हालिस्को राज्याच्या दक्षिण टोकाला, कोलिमाच्या सीमेवर, बार्रा दे नाविदाद नावाचं छोटं गाव आहे. 'नाविदाद' म्हणजे नाताळ. स्पेनचा व्हाइसरॉय आंतोनियो दे मेंदोसा १५४० च्या नाताळात इथे आला, म्हणून हे नाव. आज जिथे पर्यटक वाळूच्या दांड्यावर बसून मासे खातात, तिथून २१ नोव्हेंबर १५६४ रोजी स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख मिगेल लोपेस दे लेगास्पीची चार जहाजं फिलिपिन्सकडे निघाली. जायची वाट माहीत होती. परतीची कुणालाच सापडली नव्हती, आधीचे सगळे प्रयत्न तिथेच फसले होते. त्या ताफ्यातलं सान लुकास हे छोटं जहाज वाटेत वेगळं पडलं आणि लोपे मार्तीन या आफ्रिकी वंशाच्या पोर्तुगीज वाटाड्याच्या भरवशावर ऑगस्ट १५६५ मध्ये नाविदादला परत आलं. पॅसिफिक पश्चिमेकडून पूर्वेकडे पार करणारं ते पहिलं जहाज. त्यानंतर दोनच महिन्यांनी त्याच ताफ्यातला आंद्रेस दे उर्दानेता सान पेद्रो हे जहाज घेऊन आला, पण नाविदादला न थांबता पुढे आकापुल्कोला गेला. त्याच्या मते ते बंदर जास्त चांगलं होतं, आणि राजधानीलाही जवळ. मनिला आणि आकापुल्कोमधला गलबतांचा व्यापार मग १८१५ पर्यंत, अडीचशे वर्षं चालला. नाविदाद मागे पडलं. १५८७ मध्ये इंग्रज समुद्री चाचा टॉमस कॅव्हेंडिशने तिथे बांधणीवर असलेली दोन जहाजं जाळली.

पण बंदर मागे पडलं तरी माणसं येतच राहिली. मनिलाच्या गलबतांवर खलाशी बहुतांशी फिलिपिनो असत. हाल भयंकर, पगार तुटपुंजा, आणि परतीचा प्रवास म्हणजे पुन्हा तेच. सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या अधिकाऱ्याने १६१९ मध्ये स्पेनच्या राजाला लिहिलेल्या निवेदनात एक आकडा दिला आहे. १६१८ मध्ये एस्पिरितु सांतो या गलबतावरून आलेल्या ७५ फिलिपिनो खलाशांपैकी परत गेले जेमतेम पाच. बाकीचे किनाऱ्यावर उतरले ते उतरलेच. नाविदाद आणि कोलिमाच्या पट्ट्यात ते स्थानिक बायकांशी लग्न करून राहिले आणि माडाची दारू गाळायला लागले. पिनेदाची तक्रार अशी की ही दारू एवढी खपते की स्पेनहून येणाऱ्या द्राक्षाच्या दारूला गिऱ्हाईक उरणार नाही. त्याने उपाय सुचवला: या लोकांना परत पाठवा.

माड तोवर चांगलाच रुजला होता. कोलिमाच्या किनाऱ्यावर नारळ पहिल्यांदा १५६९ मध्ये पोहोचला, स्पॅनिश दर्यावर्दी आल्वारो दे मेंदान्याच्या जहाजांतून, सॉलोमन बेटांकडून. पुढे फिलिपिन्सहूनही आला. पण माडातून रस काढायची विद्या या पळालेल्या खलाशांची. कोलिमात आजही रस्त्याकडेला भोपळ्याच्या मोठ्या तुंब्यातून 'तुबा' विकतात. शब्द सरळ फिलिपिन्सचा. खोडावर खाचा पाडून वर चढायचं, पोय म्हणजे फुलोऱ्याचा कोंब बांधायचा, त्याचं टोक रोज थोडं थोडं छाटायचं, खाली भांडं अडकवायचं. कोकणातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही. ताजा रस नीरेसारखा गोड, उन्हं चढली की आंबायला लागतो. तिथे मात्र त्यात शेंगदाणे आणि सफरचंदाचे बारीक तुकडे टाकून देतात, हे आपल्याला नवं.

'पालापा' हा शब्दही त्याच गलबतांतून आला असं बरेच अभ्यासक मानतात. फिलिपिन्समध्ये पालापा म्हणजे झावळीचा दांडा. मेक्सिकोत त्याचा अर्थ झाला झावळ्यांनी शाकारलेला, चारी बाजूंनी उघडा मांडव. किनाऱ्यावर उतरलेला प्रत्येक जण सर्वात आधी या सावलीकडे चालत जातो.

नंतरच्या शतकांत या भागात फारसं काही घडलं नाही. बार्राशेजारच्या मेलाकेपासून पुएर्तो वायार्ताकडे जाणारा डांबरी रस्ता १९७० च्या दशकात झाला, तोवर या किनाऱ्याने प्रवास करणं सोपं नव्हतं. त्याच सुमाराला, १ सप्टेंबर १९७१ च्या पहाटे, लिली हे वादळ बार्रावर आलं. लोक सान आंतोनियोच्या देवळात शिरले. गावकरी सांगतात की क्रुसावरच्या ख्रिस्ताचे दोन्ही हात तेव्हा निखळून खाली आले आणि वादळ ओसरलं. मूर्ती पुन्हा जोडली नाही. आजही तिचे हात अंगालगत लोंबते आहेत, आणि गावात आलेल्या बोटवाल्यांना पहिल्यांदा तेच दाखवलं जातं.

वादळांमुळेच बोटींचं वेळापत्रक ठरतं. पूर्व पॅसिफिकचा चक्रीवादळांचा काळ १५ मे ते ३० नोव्हेंबर, आणि विमा कंपन्या त्या काळात या पट्ट्यात राहू देत नाहीत. म्हणून अमेरिका आणि कॅनडातून बोटी नोव्हेंबरच्या आसपास खाली उतरतात. १९९४ पासून सान दिएगोहून काबो सान लुकासपर्यंत जवळजवळ दरवर्षी एक मोठा ताफा एकत्र निघतो. वाटेत तोर्तुगास उपसागरात मंडळी गावकऱ्यांबरोबर बेसबॉल खेळतात. एक सरकारी बदलही या सगळ्याला कारण झाला. २००५ पर्यंत परदेशी बोटीला प्रत्येक बंदरात आल्याची आणि गेल्याची नोंद कागदोपत्री करावी लागे, खिडक्यांपुढे दिवस जात. ती सक्ती गेली आणि छोट्या खाडीत चार दिवस जास्त रेंगाळणं सोपं झालं.

असं रेंगाळायला सर्वात आवडती जागा तेनाकातिता. बार्राच्या वायव्येला मोठा उपसागर, आणि आतल्या कोपऱ्यात उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा. नांगर टाकला की डिंगीने, म्हणजे बोटीबरोबरच्या छोट्या होडीने, किनाऱ्याला जायचं. लाटा फुटतात तिथे आधी थांबून त्यांची लय बघायची. मोठ्या लाटा येऊन गेल्या की निघायचं, पाणी उथळ झालं की इंजिन उचलायचं, दोघांनी दोन बाजूंनी उडी टाकायची आणि मागची लाट गाठायच्या आत डिंगी वाळूत ओढायची. घाई केली की डिंगी आडवी होते आणि पिशवीतल्या फोनसकट सगळं पाण्यात. दुपारी कुणी पोहत किनारा गाठतं, वाळूत बोचे हा चेंडू टाकायचा खेळ खेळतं, पालापाखाली डॉमिनोचे डाव पडतात. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्या डिंग्या खाडीत एकमेकींना बांधून मोठं तराफ्यासारखं जाळं करतात. खाण्याच्या ताटल्या एका डिंगीतून दुसरीत फिरतात, वाचलेली पुस्तकं बदलली जातात, नवीन आलेले आपली ओळख सांगतात. हे घडवून आणणाऱ्याला मंडळी 'तेनाकातिताचा महापौर' म्हणतात. बहुतेकदा तो सर्वात जास्त दिवस मुक्काम ठोकलेल्या बोटीवरचा.

तिवरांच्या बोगद्यासारख्या खाडीतून डिंगीने आत जाणं हा इथला जुना आनंद. झाडं इतकी वाकलेली की डोकं खाली घालावं लागे. ही वाट उपसागराच्या दुसऱ्या बाजूच्या, मुख्य तेनाकातिता किनाऱ्यामागे निघायची. तिथे एल रेबाल्सितो गावच्या लोकांचे पालापा होते, आणि 'रोयो देल मार' हा पदार्थ तिथला: माशाच्या तुकड्यात कोळंबी आणि ऑक्टोपस गुंडाळून, वरून बदामाचा दाट रस.

४ ऑगस्ट २०१० रोजी पहाटे राज्याच्या पोलिसांनी न्यायालयाच्या आदेशावरून तो किनारा रिकामा केला. गाव एहिदोचं, म्हणजे क्रांतीनंतर गावाला सामाईक मिळालेल्या जमिनीचं. एका बांधकाम कंपनीने मालकी सांगितली होती. पालापा पाडले, कुंपण आणि पहारेकरी आले. मेक्सिकोत किनारा राष्ट्राच्या मालकीचा आहे, भरतीरेषेपासून २० मीटरचा पट्टा केंद्र सरकारचा. तरीही ज्यांनी चाळीस वर्षं तिथे मासे तळले त्यांना पाऊल ठेवता येईना. काही वर्षांनी वाट खुली झाली. २०२० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन किनाऱ्याची वाट अडवणाऱ्याला दंडाची तरतूद झाली. माझ्या मते या किनाऱ्याबद्दल नव्या बोटवाल्यांना सांगायची सर्वात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, खडक आणि खोलीच्याही आधी. शुक्रवारचा तो मेळा त्या हिवाळ्यातही भरला, कारण नांगर पाण्यात पडतो. गावकऱ्यांचा धंदा वाळूत होता, त्यामुळे त्यांचा गेला.

त्यानंतर निसर्गानेही हात दाखवला. ऑक्टोबर २०११ मध्ये होवा हे चक्रीवादळ आलं, आणि २३ ऑक्टोबर २०१५ ला पॅट्रिशिया. पॅट्रिशियाचा वारा समुद्रात असताना ताशी ३४५ किलोमीटरवर पोहोचला होता. ते बरंच ओसरून जवळच कुइशमालापाशी जमिनीवर आलं. वस्ती विरळ म्हणून जीवितहानी कमी झाली, पण तिवरं मोडून पडली आणि खाडीतली वाट जागोजागी बुजली.

आज आतल्या नांगरवाड्यातून किनाऱ्याला लागलात, तर खाडीच्या मुखापाशी साधा पालापा आहे. मासे सकाळचे, तेव्हा जेवायचं असेल तर दुपार टळायच्या आत सांगून ठेवावं. शहाळं मागितलं की कोयत्याच्या दोन-तीन घावांत तोंड उघडून हातात देतात, पाणी संपलं की मलई काढायला परत मागून घेतात. किंमत रेडिओवर कितीही नारळांत बोला, इथे ती पेसोत द्यायची, आणि सुटे घेऊन जायचं.