कस्टम बूट इमेज

स्मार्टफोन सुरू होताना बूटलोडर हा आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम ज्या फाइलमधून ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा मेमरीत चढवतो, तिला बूट इमेज म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये ती ‘बूट’ नावाच्या स्वतंत्र पार्टिशनवर असते. लिनक्स कर्नल म्हणजे हा गाभा, रॅमडिस्क ही छोटी प्राथमिक फाइल सिस्टिम आणि या दोहोंची माहिती देणारे हेडर, हे तिचे मुख्य घटक. उत्पादकाच्या मूळ इमेजऐवजी स्वतः कंपाइल केलेला कर्नल किंवा बदललेली रॅमडिस्क घालून केलेली इमेज म्हणजे कस्टम बूट इमेज. सोर्स कोडपासून कर्नल तयार करून इमेज रचणे ही बांधणी. हाती असलेली इमेज उलगडून, हवा तेवढाच बदल करून ती पुन्हा बांधणे हे रिपॅकिंग. प्रत्यक्षात रिपॅकिंगच जास्त चालते, आणि त्यातली खरी कसोटी बदल करण्यात नसून बाकीचे सारे जसेच्या तसे राखण्यात असते.

ॲपलच्या आयफोनमध्ये बूट साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची डिजिटल सही तपासली जाते आणि बूटलोडर अनलॉक करण्याची अधिकृत सोय नाही. त्यामुळे हा विषय मुख्यतः अँड्रॉइड फोनांचा आहे.

रचना : अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला आणि बूट इमेजचा मूळ आराखडा त्याच काळातला आहे. फाइलची सुरुवात रोमन लिपीतल्या ‘अँड्रॉइड’ या शब्दाने आणि उद्गारचिन्हाने होते. हे आठ बाइट दिसले की बूटलोडर पुढे वाचतो, नाहीतर इमेज नाकारतो. त्यानंतर कर्नलचा आकार, तो मेमरीत कुठे ठेवायचा तो पत्ता, रॅमडिस्कचा आकार आणि पत्ता, पेज साइझ (फाइल ज्या समान तुकड्यांत विभागलेली असते त्यांचा आकार), ५१२ बाइटची कर्नल कमांड लाइन (कर्नलला द्यायच्या सूचना) आणि एक हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, अशा नोंदी येतात. जुन्या आराखड्यातला हा हॅश फक्त ओळखीपुरता असतो. त्यातून सुरक्षेची कोणतीही हमी मिळत नाही.

प्रत्येक घटक नव्या पेजपासून सुरू होतो आणि मधली जागा शून्यांनी भरली जाते. समजा पेज साइझ २०४८ बाइट आहे आणि कर्नल ९०,००,००० बाइटचा आहे. हेडरला पहिले पेज जाते. कर्नलला ४,३९५ पेज लागतात, पण शेवटचे पेज पुरते भरत नाही. त्यात ९६० बाइट पॅडिंग घालावे लागते. म्हणून रॅमडिस्क फाइलच्या सुरुवातीपासून ९०,०३,००८ बाइटवर, म्हणजे या ऑफसेटवर, सुरू होते. हे गणित, फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये एकदा स्वतः पडताळून पाहावे. त्यानंतर बूट इमेज हे गूढ राहत नाही आणि टूलने दिलेला एरर कुठून आला तेही कळू लागते.

रॅमडिस्क म्हणजे सीपीआयओ पद्धतीचे, बहुधा जीझिपने आणि अलीकडच्या फोनांत एलझेड४ने दाबलेले अर्काइव्ह. कर्नल ते मेमरीत उलगडतो आणि त्यातला ‘इनिट’ हा प्रोग्रॅम चालवतो. तीच यूझर स्पेसमधली, म्हणजे कर्नलबाहेरची, पहिली प्रक्रिया. पार्टिशन माउंट करणे (वापरासाठी जोडणे), एसईलिनक्स या सुरक्षा यंत्रणेचे नियम लागू करणे, सेवा सुरू करणे ही सारी कामे इथून पुढे होतात. इनिटवर ज्याचा ताबा, त्याचा संपूर्ण फोनवर ताबा. रूट, म्हणजे फोनवरचे सर्वाधिकार, मिळवण्याच्या बहुतेक पद्धती याच जागी हात घालतात.

आराखड्यातील बदल : अँड्रॉइड ९ पासून हेडरच्या नव्या आवृत्त्या येत गेल्या. हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या फाइलला डिव्हाइस ट्री म्हणतात. आवृत्ती १ मध्ये रिकव्हरीसाठी (दुरुस्तीच्या स्वतंत्र व्यवस्थेसाठी) तिची पुरवणी, म्हणजे ओव्हरले, आणि आवृत्ती २ मध्ये, अँड्रॉइड १० बरोबर, डिव्हाइस ट्री फाइलच इमेजमध्ये आली. मोठा फेरफार झाला तो अँड्रॉइड ११ च्या आवृत्ती ३ मध्ये. पेज साइझ ४०९६ बाइटवर कायम केली गेली, मेमरीतले पत्ते हेडरमधून निघाले आणि उत्पादकाच्या वाट्याच्या गोष्टी ‘व्हेंडर बूट’ या नव्या पार्टिशनवर गेल्या. अँड्रॉइड १२ ने आवृत्ती ४ आणली. अँड्रॉइड १३ सह विक्रीस आलेल्या फोनांत सर्वसामान्य रॅमडिस्कसुद्धा बूटमधून निघून ‘इनिट बूट’ या पार्टिशनवर गेली.

यामागचे कारण जेनेरिक कर्नल इमेज हे धोरण. पूर्वी प्रत्येक चिप उत्पादक आणि फोन कंपनी कर्नलमध्ये आपापले बदल करी, आणि सुरक्षेची दुरुस्ती प्रत्येक फोनपर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचवावी लागे. लिनक्स ५.१० पासून गूगलने बांधलेला एकच कर्नल आणि त्यावर उत्पादकांची वेगळी मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडता येणारे भाग), अशी विभागणी झाली. याचा थेट परिणाम असा की ‘बूट इमेज पॅच करा’ ही जुनी सूचना आता अपुरी आहे. नव्या फोनवर रूटसाठी इनिट बूट पॅच करावी लागते, कर्नल बदलायचा तर बूट आणि उत्पादकाची मॉड्यूल किंवा डिव्हाइस ट्री बदलायची तर व्हेंडर बूट. कुठली इमेज उघडायची हे ठरवण्यातच आता निम्मे काम असते.

उत्पादकांचे वेगळेपण : मूळ आराखड्याला अनेकांनी स्वतःच्या पुरवण्या जोडल्या. मीडियाटेकच्या जुन्या फोनांत कर्नल आणि रॅमडिस्क या दोन्हींच्या आधी ५१२ बाइटचे आणखी एक हेडर असे. रॅमडिस्क काढताना ते वगळले नाही तर जीझिप फाइल खराब असल्याचे सांगतो आणि नवखा माणूस इमेजलाच दोष देतो. सॅमसंगच्या अनेक गॅलेक्सी फोनांत इमेजच्या अगदी शेवटी एक ठरावीक शब्द लिहिलेला असतो, तो नसला की सुरू होताना पडद्यावर कर्नलविषयीचा इशारा दिसतो. सोनीच्या काही जुन्या एक्सपीरिया फोनांनी तर अँड्रॉइडच्या हेडरऐवजी ईएलएफ फॉरमॅट वापरला. क्वालकॉमच्या एका काळातल्या फोनांत अनेक बोर्डांच्या डिव्हाइस ट्री एकाच तक्त्यात भरून कर्नल आणि रॅमडिस्कच्या मागे वेगळा घटक म्हणून ठेवल्या जात.

रिपॅकिंगची पद्धत : मूळ इमेज फोनवर सध्या असलेल्या बिल्डचीच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेमक्या त्याच आवृत्तीची, हवी. ती अधिकृत फर्मवेअरमधून, अपडेटच्या पेलोड फाइलमधून किंवा रूट असलेल्या फोनच्या पार्टिशनवरून थेट डीडी या प्रत काढणाऱ्या कमांडने मिळते. त्याच मॉडेलची पण दुसऱ्या महिन्याच्या अपडेटमधली इमेज घेतली की वायफाय बंद पडणे, आवाज न येणे असे विचित्र दोष उद्भवतात.

इमेज उलगडण्यासाठी अँड्रॉइडच्या सोर्समध्येच पायथनमधली दोन अधिकृत टूल आहेत. एक इमेज उघडते, दुसरे, म्हणजे एमकेबूटइमेज, ती बांधते. उघडणारे टूल सांगितल्यास सारी मूल्ये बांधणाऱ्या टूलला जशीच्या तशी देता येतील अशा ओळीत छापून देते. पत्ते आणि कमांड लाइन हाताने टाइप करण्यापेक्षा ही ओळ वापरणे कितीतरी सुरक्षित. अँड्रॉइड इमेज किचन हा संच उत्पादकांच्या अनेक पुरवण्या ओळखतो, आणि मॅजिस्कबूट हे टूल फोनवरच चालते.

रॅमडिस्क उलगडताना होणारी चूक सहज ध्यानात येत नाही. सीपीआयओमध्ये प्रत्येक फाइलचा मालक, गट, परवानग्या आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारे दुवे) नोंदलेले असतात. विंडोजच्या फोल्डरमध्ये किंवा साध्या यूझरच्या खात्यात ते उलगडले की इनिटची एक्झिक्यूट परवानगी जाते, सिमलिंक साध्या फाइल बनतात, रूटच्या मालकीच्या फाइल दुसऱ्याच्या नावावर जातात. पुन्हा बांधलेली इमेज दिसायला निर्दोष असते, आकारही जवळपास तोच, पण फोन लोगोवरून पुढे सरकत नाही. म्हणून हे काम लिनक्सवर रूट म्हणून किंवा रूट असल्याचा आभास देणाऱ्या फेकरूटखाली करतात. मॅजिस्कबूटने हा प्रश्न मुळातूनच टाळला आहे: ते सीपीआयओ डिस्कवर न उलगडता आतल्या आत एखादी फाइल घालते किंवा बदलते, आणि बाकीच्या नोंदींना हात लावत नाही. २०१६ मध्ये जॉन वू यांनी मॅजिस्क हे रूट मिळवून देणारे साधन प्रसिद्ध केले तेव्हापासून त्याच्या यशात या संयमाचा वाटा मोठा आहे.

हेडरमधली आणखी एक नोंद महागात पडू शकते. अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅचचा महिना हे दोन्ही तिथे ३२ बिटांत भरलेले असतात. फोनच्या सुरक्षित भागातल्या एन्क्रिप्शनच्या किल्ल्या आवृत्ती आणि पॅचशी बांधलेल्या असतात, आणि अनेक फोनांत बूटलोडर ही माहिती याच हेडरमधून उचलतो. बांधताना ही मूल्ये द्यायची राहिली तर इमेज बूट होते, पण डेटा उघडत नाही. पासवर्ड चुकला असे समजून फॅक्टरी रिसेट करण्याआधी हेडर तपासावे.

या सर्वांवर एकच खात्रीचा उपाय आहे. काहीही न बदलता इमेज उलगडावी, पुन्हा बांधावी आणि मूळ इमेजशी बाइट-बाइट ताडून पाहावी. रॅमडिस्क पुन्हा दाबली नाही तर शेवटचे पॅडिंग आणि सहीचा भाग वगळता फरक पडता कामा नये. दाबली तर कॉम्प्रेशनची पातळी आणि वेळेची नोंद यांमुळे थोडा फरक पडतो, तो गृहीत धरावा. ही चाचणी पार पडल्याशिवाय पहिला बदल करू नये.

कर्नलची बांधणी : लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ या परवान्याखाली आहे, त्यामुळे फोन विकणाऱ्याला आपल्या कर्नलचा सोर्स मागणाऱ्याला द्यावा लागतो. कस्टम कर्नलचे सारे जग या एका कलमावर उभे आहे. काही कंपन्या तो उशिरा किंवा अर्धवट देतात, आणि त्याची किंमत त्या मॉडेलच्या वापरकर्त्यांना वर्षानुवर्षे मोजावी लागते.

डिव्हाइसचे डेफकॉन्फिग (कर्नलच्या पर्यायांची यादी) निवडून, एआरएम६४ या फोनच्या प्रोसेसरसाठी संगणकावर क्लँग या कंपाइलरने क्रॉस-कंपाइल केले की कर्नलची फाइल मिळते. ती मूळ इमेजमधल्या कर्नलच्या जागी घालायची. इथे नेहमीचा अडथळा मॉड्यूलांचा. कर्नल प्रत्येक मॉड्यूलची आवृत्तीची खूण तपासतो. नव्या कर्नलची खूण वेगळी असेल तर व्हेंडर पार्टिशनवरची वायफायची किंवा टचस्क्रीनची मॉड्यूल तो लोडच करत नाही. फोन चालू होतो, पण स्पर्शाला प्रतिसाद देत नाही.

तयार कर्नल इतरांना देताना पूर्ण बूट इमेज देऊ नये, असे अनुभवी डेव्हलपर मानतात, आणि ते योग्यच आहे. इमेजमधली रॅमडिस्क एका विशिष्ट रॉमची, म्हणजे फोनवर बसवलेल्या अँड्रॉइडच्या संचाची, असते, दुसऱ्या रॉमवर ती बसवली की सिस्टिम आणि रॅमडिस्क यांचा मेळ तुटतो. एनीकर्नलसारखे इन्स्टॉलर त्यासाठीच आहेत. ते वापरकर्त्याच्या फोनवरची इमेज तिथेच उलगडतात, फक्त कर्नल बदलतात आणि पुन्हा बांधून बसवतात.

पडताळणी आणि सही : अँड्रॉइड ८ पासून व्हेरिफाइड बूटची नवी पद्धत आली. बूटचा हॅश बहुधा ‘व्हीबीमेटा’ या वेगळ्या पार्टिशनवरील सही केलेल्या मजकुरात असतो, आणि बूट पार्टिशनच्या शेवटच्या ६४ बाइटमध्ये पडताळणीचा फूटर असतो. बूटलोडर लॉक असताना एक बाइट जरी बदलला तरी हॅश जुळत नाही आणि फोन सुरू होत नाही. म्हणून आधी बूटलोडर अनलॉक करावा लागतो, आणि त्या वेळी फोनवरचा सर्व डेटा पुसला जातो. ही अट त्रासदायक वाटली तरी रास्त आहे, कारण तिच्याअभावी चोरलेल्या फोनवर कुणीही आपली इमेज चढवून आतला मजकूर मिळवू शकला असता. अनलॉक असलेला फोन सुरू होताना नारिंगी इशारा दाखवतो. काही उत्पादकांच्या फोनांत स्वतःच्या किल्लीने सही करून, ती किल्ली बूटलोडरला देऊन, पुन्हा लॉक करता येते. तेव्हा इशारा पिवळा असतो. सॅमसंगच्या नॉक्स असलेल्या फोनांत अनधिकृत इमेज चढवली की एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो आणि मूळ फर्मवेअर परत टाकूनही तो पूर्ववत होत नाही.

चाचणी : नवी इमेज थेट पार्टिशनवर लिहिण्याऐवजी फास्टबूट या, संगणकावरून बूटलोडरला आज्ञा देण्याच्या साधनाच्या ‘बूट’ कमांडने फक्त मेमरीत चढवून पाहता येते. ती बिघडलेली निघाली तर फोन बंद करून चालू केला की जुनी इमेज परत येते. सगळे बूटलोडर ही सोय देत नाहीत, पण जिथे आहे तिथे ती टाळण्याचे कारण नाही. अँड्रॉइड ७ पासून आलेल्या दोन स्लॉटांच्या रचनेत बूटच्या दोन प्रती असतात. त्यामुळे एका स्लॉटवर प्रयोग करून दुसरा शाबूत ठेवता येतो.

फोन लोगोवर अडकला तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा कर्नलचा लॉग मिळवावा. अनेक कर्नल मेमरीचा छोटा भाग राखून ठेवतात. क्रॅश झाल्यावर फोन रिकव्हरीत सुरू केला की मागच्या वेळचे शेवटचे संदेश पीस्टोअरच्या फोल्डरमध्ये वाचता येतात. तिथे इनिट सापडला नाही असा संदेश असेल तर दोष रॅमडिस्कचा, ड्रायव्हरमध्ये पॅनिक (कर्नलला थांबवणारी गंभीर चूक) असेल तर कर्नलचा. काहीच लॉग नसेल आणि फोन लगेच फास्टबूटमध्ये परतत असेल, तर कर्नल सुरूच झालेला नसण्याची शक्यता जास्त, आणि शोध हेडरपासून, पत्त्यांपासून किंवा सहीपासून सुरू करावा.

उपयोग : रूट मिळवणे हा सर्वांत परिचित उपयोग. बॅटरी किंवा प्रोसेसरच्या वेगाचे नियम बदलणे, कंपनीने वगळलेला फाइल सिस्टिमचा किंवा यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर घालणे, सुरू होतानाच एडीबी हा संगणकाशी जोडणारा मार्ग खुला ठेवून बिघाड शोधणे, यासाठीही कस्टम इमेज करतात. २०१७ मध्ये सुरू झालेला पोस्टमार्केटओएस हा प्रकल्प हाच आराखडा वापरून अँड्रॉइडच्या जागी अल्पाइन लिनक्स चालवतो. बूटलोडरच्या दृष्टीने तीही नेहमीचीच बूट इमेज असते, मात्र तिच्या रॅमडिस्कमधला इनिट अँड्रॉइडऐवजी लिनक्सचे रूट पार्टिशन शोधून माउंट करतो. उत्पादकाने अपडेट देणे थांबवलेले अनेक फोन या वाटेने आजही चालू स्थितीत आहेत.