चिंताविकृती

प्रसंगाच्या मानाने फार मोठी आणि प्रसंग टळला तरी न ओसरणारी चिंता किंवा भीती हे मुख्य लक्षण असलेल्या मानसिक विकारांचा गट. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये जगभरात सुमारे 30 कोटी 10 लाख लोकांना असा विकार होता. स्त्रियांमध्ये प्रमाण अधिक आढळते.

परीक्षेआधी पोटात गोळा येतो, तो विकार नव्हे. पेपर सुटला की तो जातो. सार्वत्रिक चिंताविकृतीत मात्र आज मुलाची तब्येत, उद्या घराचा हप्ता असा विषय बदलतो, काळजी तशीच राहते. ती किमान सहा महिने, बहुतेक दिवस असावी, असा निदानाचा प्रचलित निकष आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1895 मध्ये वेगळी काढलेली ‘चिंता-मज्जाविकृती’ (अँक्झायटी न्यूरोसिस) मनोविकारांच्या 1980 च्या अमेरिकन वर्गीकरणात दुभंगली. सार्वत्रिक चिंताविकृती हा तिचा एक भाग, अचानक तीव्र भीतीचे झटके पुन्हा पुन्हा येणारी पॅनिक डिसऑर्डर हा दुसरा. सामाजिक भयगंड (चारचौघांत हसे होईल ही भीती) आणि उंची, रक्त, प्राणी यांसारख्या गोष्टींचे भयगंडही याच गटात येतात.

पॅनिकचा झटका सहसा हृदयविकाराचा वाटतो. छातीत धडधड, धाप, दरदरून घाम आणि ‘आता मी जातो’ ही खात्री. काही मिनिटांतच सारे टिपेला पोहोचते. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, त्यामुळे चक्कर येते आणि बोटांना मुंग्या येतात. ईसीजी नॉर्मल निघतो, ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते आणि खरे निदान राहून जाते. (छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर हृदयाची तपासणी आधी, हे मात्र खरेच. थायरॉइड ग्रंथीचे काम वाढल्यानेही धडधड होते.) पुढे माणूस लोकल टाळतो, मग लिफ्ट, मग लग्नकार्ये. टाळले की त्या वेळेपुरती सुटका वाटते. भीती पक्की होते ती त्यामुळेच.

म्हणून उपचारात टाळलेल्या गोष्टींना पायरीपायरीने सामोरे जाणे महत्त्वाचे ठरते. विचारांवर काम करणाऱ्या पद्धतींपैकी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवली. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठच दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून त्या सोडणारे बरेच असतात. अल्प्राझोलाम या शांत करणाऱ्या गोळीने लगेच बरे वाटते, पण तिची सवय लागते. शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर ती घेणे धोक्याचे.

झोप, काम किंवा घरातली नाती बिघडू लागली, बाहेर पडणे कमी झाले, झोपेसाठी दारू लागू लागली, की मानसोपचारतज्ज्ञ गाठावा; आधी नेहमीच्या डॉक्टरांशी बोलले तरी चालते. जीव द्यावासा वाटत असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर चोवीस तास सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येते.