शोधनिबंधातील चित्रांना संदर्भ कसा द्यावा : पात्रता, कागदपत्रे आणि वर्डमधील प्रक्रिया

चित्राखाली स्रोत लिहिला की काम झाले, असा समज सर्रास दिसतो. पण चित्र वापरताना श्रेय आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि एक असली म्हणून दुसरी मिळत नाही. अपोलो १७ च्या अंतराळवीरांनी ७ डिसेंबर १९७२ रोजी टिपलेले पृथ्वीचे ‘ब्लू मार्बल’ हे छायाचित्र पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे त्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. ते वापरायला कुणाला विचारावे लागत नाही, पण निबंधात त्याचा स्रोत द्यावाच लागतो. उलट, एखाद्या जर्नलमधली आकृती अचूक संदर्भासह छापली, तरी परवानगी नसेल तर प्रकाशक हरकत घेऊ शकतो.

कोणते चित्र वापरता येते?

स्वतः काढलेल्या, आधी कुठेही न छापलेल्या चित्राला संदर्भ लागत नाही. तीच आकृती तुमच्या जुन्या लेखात आली असेल तर मात्र लागतो, आणि त्या लेखाचे हक्क प्रकाशकाला दिले असतील तर परवानगीही. दुसऱ्याच्या आकडेवारीवरून आलेख तुम्ही काढला असेल, तर आकडेवारीचा संदर्भ द्या. दुसऱ्याची आकृती रंग बदलून पुन्हा रेखाटली म्हणजे ती आपली होत नाही. तिथे ‘रूपांतरित’ असे लिहून मूळ स्रोत द्यायचा.

क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात निर्माता ठरावीक अटींवर वापराची मुभा आधीच देतो; त्या अटी सांगणारी अक्षरे नीट वाचा. ‘बीवाय’ असेल तर श्रेय द्या आणि वापरा. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. ‘एनडी’ असेल तर त्यावर बाण-नावे टाकून बदललेली आवृत्ती प्रकाशित करता येत नाही. आणि ‘गूगल इमेजेस’ हा स्रोत नव्हे. चित्र मुळात ज्या पानावर आहे, ते पान गाठा.

जवळ काय ठेवावे?

निर्मात्याचे नाव, चित्राचे शीर्षक, वर्ष, मूळ पत्ता, छापील स्रोत असेल तर पृष्ठ आणि आकृती क्रमांक, परवान्याचे नाव व आवृत्ती. हे चित्र उतरवतानाच टिपून ठेवा, नंतर शोधणे जिकिरीचे होते. परवानगी लागत असेल तर ती बहुधा प्रकाशकाकडून घ्यावी लागते, कारण लेखकाने हक्क त्याच्याकडे सोपवलेले असतात. लेखाच्या पानावर ‘राइट्स अँड परमिशन्स’ असा दुवा बहुधा असतो. परवानगीपत्रात श्रेयाची ओळ ठरवून दिली असेल तर ती जशीच्या तशी छापायची, आपल्या शैलीत बसवत बसायचे नाही. प्रबंधासाठी मिळालेली परवानगी पुढे जर्नललाही चालेल, हे गृहीत धरू नका.

वर्डमधील प्रक्रिया

आधी चित्राची मांडणी ‘इन लाइन विथ टेक्स्ट’ ठेवा. चित्र तरंगते असेल तर कॅप्शन, म्हणजे चित्राचा क्रमांक आणि शीर्षक असलेली ओळ, टेक्स्ट बॉक्समध्ये जाते, आणि टेक्स्ट बॉक्समध्ये वर्ड तळटीप घालू देत नाही. मग चित्रावर राइट क्लिक करून ‘इन्सर्ट कॅप्शन’ निवडा. मराठी निबंधासाठी ‘न्यू लेबल’मधून ‘आकृती’ हे लेबल एकदाच तयार करावे लागते. क्रमांक हाताने टाइप करू नका; मध्ये एक चित्र वाढले की पुढचे सगळे चुकतात. मजकुरातला ‘आकृती ३ पाहा’ हा उल्लेखही ‘क्रॉस-रेफरन्स’मधूनच घाला.

संदर्भ कुठे आणि कसा, हे संदर्भशैलीवर ठरते; एपीए, एमएलए आणि आयईईई या अशा तीन शैली. एपीएच्या सातव्या आवृत्तीत क्रमांक ठळक अक्षरांत आणि शीर्षक तिरप्या अक्षरांत चित्राच्या वर येते, स्रोत खाली टिपेत :

*टीप.* अपोलो १७ च्या चमूने टिपलेले छायाचित्र. स्रोत : नासा, १९७२. पब्लिक डोमेन.

एमएलएमध्ये सगळे चित्राखाली. तिथे कॅप्शनमध्येच पूर्ण तपशील दिला आणि मजकुरात तो स्रोत पुन्हा आला नाही, तर संदर्भसूचीत वेगळी नोंद लागत नाही. आयईईईमध्ये कॅप्शनच्या शेवटी चौकटी कंसातला क्रमांक पुरतो.

खरी डोकेदुखी आकृत्यांच्या यादीत होते. कॅप्शनमध्ये घातलेला संदर्भ त्या यादीतही उमटतो. झोटेरो किंवा एंडनोट ही संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर वापरत असाल आणि शैली क्रमांकाची असेल, तर निबंधाच्या सुरुवातीला असलेल्या या यादीपासूनच मोजणी सुरू होते आणि मजकुरातले क्रमांक विस्कटतात. उपाय सोपा आहे, पण फारसा कुणी सांगत नाही : शीर्षक संपले की कंट्रोल, ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबा. यामुळे स्टाइल सेपरेटर येतो. त्यापुढच्या मजकुराला कॅप्शनखेरीज दुसरी स्टाइल द्या आणि संदर्भ तिथे घाला. वाचकाला ओळ सलग दिसते, यादीत मात्र फक्त शीर्षक जाते. एपीएत स्रोत मुळातच वेगळ्या परिच्छेदात असतो, त्यामुळे ही खटपट लागत नाही.

सादर करण्याआधी कंट्रोल-ए आणि मग एफ९ दाबून मुख्य मजकुरातली फील्ड्स, म्हणजे वर्ड आपोआप भरतो ते क्रमांक आणि उल्लेख, ताजी करा. त्यानंतर ‘एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड’ ही अक्षरे फाइलभर शोधा. ती सापडली, तर तिथले मूळ कॅप्शन उडालेले असते. ते पुन्हा घालून क्रॉस-रेफरन्स नव्याने जोडा आणि मगच पीडीएफ काढा.