पोट भरणं आणि शरीराला पुरणं : पॉइंट्सच्या आहारातली मोठी गल्लत

‘वेट वॉचर्स’सारख्या आहारपद्धतीत प्रत्येक पदार्थाला पॉइंट्स असतात आणि दिवसाला ठरलेल्या पॉइंट्समध्येच खायचं असतं. असे पॉइंट्स मोजून वजन उतरवणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. ‘दिवसभर खाते, पोट तट्ट भरतं, वर पॉइंट्सही उरतात. मग अंगात त्राण का नाही? आणि रात्री अकरा वाजता मी डबे का धुंडाळते?’ यावर सल्ला ठरलेला असतो, मन घट्ट कर. मला हा सल्ला चुकीचा वाटतो. बहुतेक वेळा इथे प्रश्न मनाचा नसतोच. पोट भरणं आणि शरीराला पुरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पॉइंट्सच्या पद्धतीत त्यांची गल्लत फार सहज होते.

पोट भरणं ही त्या जेवणापुरती गोष्ट. जठर ताणलं गेलं की तिथल्या मज्जातंतूंमार्फत मेंदूला खबर जाते, आतड्यांतून तृप्तीची संप्रेरकं सुटतात आणि आपला हात थांबतो. जठराला जाणवतं ते मुख्यतः अन्नाचं आकारमान. काकडीत जवळपास 95 टक्के पाणी असतं आणि 100 ग्रॅममध्ये जेमतेम 15 कॅलरी, पण जागा ती पुरेपूर व्यापते. उलट टेबलस्पूनभर तेलात 120 कॅलरी असतात आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही.

शरीराला पुरणं हा दिवसांचा आणि आठवड्यांचा हिशोब आहे. ऊर्जा किती मिळाली, प्रथिनं किती, स्निग्ध पदार्थ किती, लोह आणि कॅल्शियम किती, हे सगळं त्यात येतं. इथली तूट त्याच दिवशी कळत नाही. ती उशिरा आणि भलत्याच वाटेने समोर येते.

आता पॉइंट्सकडे येऊ. ‘वेट वॉचर्स’ ही संस्था जीन नायडेच यांनी 1963 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. अमेरिकेत तिची पॉइंट्सची पद्धत 1997 मध्ये आली. त्या पहिल्या सूत्रात कॅलरी, स्निग्धांश आणि तंतू एवढंच पाहिलं जाई. 2015 अखेरच्या सूत्रात कॅलरी, साखर, संपृक्त मेद आणि प्रथिनं आली. साखर आणि संपृक्त मेद वाढले की पॉइंट्स वाढतात, प्रथिनं वाढली की घटतात. म्हणजे सारख्याच कॅलरीच्या दोन पदार्थांचे पॉइंट्स वेगळे निघू शकतात, आणि तसं व्हावं हाच सूत्राचा हेतू. पॉइंट्स आपल्याला एका दिशेने ढकलतात. शरीरात किती ऊर्जा गेली हे ते सांगत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शून्य पॉइंटच्या, म्हणजे मोजावे न लागणाऱ्या, पदार्थांवरून. 2017 अखेरच्या योजनेत ही यादी 200 च्या वर गेली. फळं आणि पिष्टमय नसलेल्या भाज्यांच्या जोडीला अंडी, कडधान्यं, मासे, चिकनचा छातीचा भाग आणि स्निग्धांश काढलेलं साधं दही त्यात आलं. शून्य पॉइंट म्हणजे शून्य कॅलरी नव्हे. एका अंड्यात साधारण 70 कॅलरी असतात, 100 ग्रॅम शिजलेल्या राजम्यात सव्वाशेच्या आसपास. या कॅलरी योजनेने गृहीत धरलेल्या असतात. 2019 ची योजना पाहिली की हे स्पष्ट दिसतं. तिच्यात तीन रंगांचे पर्याय होते. हिरव्यात दिवसाला किमान 30 पॉइंट्स आणि शून्य पॉइंटचे सुमारे 100 पदार्थ, निळ्यात 23 आणि 200 च्या वर, जांभळ्यात 16 आणि 300 च्या वर. वाटा तीन, पण खाणं निम्म्यावर आणावं असा जांभळ्याचा अर्थ नव्हता. पॉइंट्सचा आकडा खाली आला तितका भार शून्याच्या यादीवर गेला, एवढंच. म्हणून जो 16 चा आकडा धरायचा आणि यादीतली अंडी-कडधान्यं ‘तेही शेवटी खाणंच’ म्हणून टाळायचा, तो ती योजना पाळत नसे. तो अर्धपोटी राहत असे, आणि पॉइंट्स नोंदवायच्या ॲपमध्ये मात्र सगळं छान दिसे.

एक दिवस ताटासकट पाहू. सकाळी सफरचंद आणि कोरी कॉफी. दुपारी 300 ग्रॅम काकडी, टोमॅटो आणि पालेभाजीचं सॅलड, तेलाचा थेंबही नाही. चार वाजता केळं. रात्री मोठा वाडगाभर भाज्यांचं सूप, ब्रेडची एक स्लाइस, वर आणखी एक सफरचंद. अन्नाचं वजन किलोच्या वर भरतं, म्हणजे पोट भरलं हे खरंच आहे. पण बेरीज केली तर सुमारे 530 कॅलरी आणि जेमतेम 12 ग्रॅम प्रथिनं. 70 किलोच्या प्रौढ माणसाची प्रथिनांची किमान गरज, किलोमागे 0.8 ग्रॅम धरली, तरी 56 ग्रॅम होते. दिवसाला 800 कॅलरींपेक्षा कमी आहार डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नये असं मानतात, आणि हा दिवस त्याच्याही बराच खाली आहे. पॉइंट्स लागले ते फक्त ब्रेडला.

त्याच दिवसात दोन उकडलेली अंडी, 200 ग्रॅम शिजलेला राजमा, 200 ग्रॅम स्निग्धांश काढलेलं दही, सॅलडवर टेबलस्पूनभर तेल आणि मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम, बदाम घाला. बेरीज 1300 च्या पुढे जाते आणि प्रथिनं 55 ग्रॅमच्या वर. वजन कमी करताना स्त्रियांसाठी 1200 ते 1500 आणि पुरुषांसाठी 1500 ते 1800 कॅलरी हा सर्वसाधारण पल्ला सांगितला जातो. त्यातल्या स्त्रियांच्या पल्ल्यात हा दिवस बसतो. 2019 च्या निळ्या पर्यायात या वाढीतली अंडी, राजमा आणि दही शून्यात जात. पॉइंट्स खर्च होतात ते तेल आणि बदामांवर, आणि ते तिथेच व्हायला हवेत. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थांच्या सोबतीने शोषली जातात. कोरडं सॅलड खाऊन उरवलेल्या पॉइंट्सचं मला म्हणूनच कौतुक वाटत नाही. ते उरलेले पॉइंट्स म्हणजे न खाल्लेलं तेल, न खाल्लेले बदाम.

याची उलट बाजूही असते, पण ती ओळखायला सोपी. सुकामेवा, चीज, तेलात परतलेले पदार्थ यांतून ऊर्जा पुरते, पोट मात्र भरत नाही आणि हात पुन्हा डब्याकडे जातो. तिथे भाज्या आणि फळं वाढवणं हाच उपाय, आणि पॉइंट्सची पद्धत त्यात खरोखर उपयोगी पडते.

भरलेलं पोट आणि उपाशी शरीर एकत्र नांदतात याचा मोठा दाखला म्हणजे 1944-45 मधला मिनेसोटा विद्यापीठातला अर्धउपासमारीचा प्रयोग. शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँसेल कीज यांच्या देखरेखीखाली 36 निरोगी तरुण 24 आठवडे दिवसाला सुमारे 1570 कॅलरींवर राहिले. जेवणात मुख्यतः बटाटे, सलगम, ब्रेड, मॅकरोनी. अन्न जास्त दिसावं म्हणून ते त्यात पाणी ओतत, चहा-कॉफी एकामागून एक पीत, ताटं चाटून पुसून खात. थंडी वाजणं, चिडचिड, थकवा, आणि डोक्यात अष्टौप्रहर अन्न. काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. हे तरुण मुळात सडपातळ होते आणि आठवड्याला 35 किलोमीटर चालत होते, त्यामुळे 1570 या आकड्याला सगळ्यांनी घाबरायचं कारण नाही. पण पाणी ओतून पोट भरता आलं, शरीराची समजूत काढता आली नाही, हे तिथे लख्ख दिसलं. रात्री अकराला डबे धुंडाळणाऱ्याने स्वतःला दोष देण्याआधी हा प्रयोग जरूर आठवावा.

दोन्हींतला फरक रोजच्या व्यवहारात ओळखायचा तर काळ पाहा. जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटांत भूक शमली नाही, तर ताटात आकारमान किंवा तंतू कमी पडले असावेत. जेवणानंतर तृप्त वाटतं, पण दोन आठवडे सलग थंडी वाजते, जिना चढताना पाय गळतात, भुकेने झोप मोडते, व्यायामात नेहमीचं वजन उचलवत नाही, तर तूट दुसऱ्या प्रकारची असू शकते. केस गळणं तर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं, तोवर कारण विसरलेलं असतं. पाळी अनियमित झाली किंवा थांबली तर पॉइंट्स जुळवत बसू नका, डॉक्टरांकडे जा. वजन फार वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

काट्यावर मात्र यासाठी विसंबू नका. पहिल्या आठवड्यात उतरतं त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, कारण शरीर कर्बोदकं ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पुढे प्रथिनं कमी पडली तर स्नायूही जातात आणि काटा त्यालाही प्रगतीच म्हणतो. सुरुवातीचे दिवस सोडले तर आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे.

रोजच्या पॉइंट्सशिवाय आठवड्यासाठी वेगळे मिळणारे साप्ताहिक पॉइंट्सही उरवत बसू नका. ते हक्काचे आहेत, योजनेच्या हिशोबात धरलेले आहेत. वापरले म्हणून कोणी बिघडत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे, आणि पूर्वी खाण्याच्या विकाराशी झगडलेले, यांनी आकड्यांचा आहार स्वतःच्या मनाने सुरू करू नये. बाकीच्यांनी पॉइंट्स मोजता मोजता एखादा आठवडा प्रथिनांचे ग्रॅम आणि एकूण कॅलरीही लिहून पाहाव्यात. संध्याकाळी पॉइंट्स उरलेले दिसले आणि प्रथिनांचा रकाना अर्धा रिकामा असला, तर त्या रात्रीच्या ताटात काय वाढायचं ते समोरच दिसेल.